ओबरझेलच्या मठांतील छापयंत्रें

सकाळीं दारांत पडलेलें वर्तमानपत्र उचलून वाचावयास बसणाऱ्या माणसाला बातमी कोणीं लिहिली याचें कुतूहल कधीं कधीं वाटतें. तीं पानें कोणत्या यंत्रावर उमटलीं, हा प्रश्न मात्र त्याच्या मनास सहसा शिवत नाहीं. लेखकाचें नांव मथळ्याखालीं असतें, मुद्रकाचें नांव शेवटच्या पानाच्या तळाशीं बारीक अक्षरांत असतें, आणि यंत्र घडविणाऱ्याचें नांव पानावर कोठेंच नसतें. फार झालें तर तें छापखान्याच्या कोंदट खोलींत, यंत्राच्या लोखंडी बाजूवर ओतलेलें आढळतें. 'केनिग आणि बाउअर' हें अशा नांवांपैकीं एक होय. छापयंत्रें करणाऱ्या जगांतील कारखान्यांत हा जर्मन कारखाना सर्वांत जुना समजला जातो. त्याची कथा एका अद्भुत शोधाची कथा म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. परंतु ती बारकाईनें पाहिली असतां असें दिसून येतें कीं, यंत्र चालूं झालें तेथें कथेचा केवळ पहिला अंक संपला. यंत्र करूं शकणारीं माणसें तयार करणें हें त्याहून कठीण काम पुढेंच होतें. आणि तें काम पार पडलें म्हणूनच तो शोध टिकला.

गुटेनबर्गनें पंधराव्या शतकाच्या मध्यास माइन्झ शहरीं सुट्या खिळ्यांनीं ग्रंथ छापला. त्यानंतर साडेतीनशें वर्षें छापण्याची रीत जवळजवळ जशीच्या तशीच राहिली. जुळलेल्या खिळ्यांचा फर्मा एका पाट्यावर बसवावयाचा. चामड्यांत लोकर भरून केलेल्या गोळ्यांनीं एका माणसानें त्यावर शाई थापावयाची. दुसऱ्यानें ओलसर केलेला कागदाचा ताव त्यावर घालून पाटा दाबाखालीं सरकवावयाचा आणि सर्व अंगाचा जोर लावून दांडा ओढावयाचा. मग दांडा सोडावयाचा, पाटा मागें घ्यावयाचा, छापलेला ताव उचलून बाजूस ठेवावयाचा, कीं पुन्हां पहिल्यापासून सुरुवात. दोन तरबेज माणसें अशा रीतीनें तासाला सुमारें अडीचशें छाप काढीत, आणि तेही तावाच्या एकाच बाजूचे. लॉर्ड स्टॅनहोप यानें १८०० च्या सुमारास लांकडाऐवजीं लोखंडाचें हातयंत्र केलें. त्यामुळें दाब अधिक चांगला बसूं लागला. पण दांडा ओढणारे हात तेच राहिले. ग्रंथांच्या बाबतींत ही मंद गति कशीबशी चालून जाई. वर्तमानपत्रांना ती पुरेना. युरोपभर नेपोलियनच्या युद्धांचा वणवा पेटलेला. लंडनच्या वाचकाला रणांगणावरील बातमी सकाळीं हवी. आणि छापखान्यांत मात्र रात्रभर घाम गाळूनही प्रती वेळेवर निघत नसत.

फ्रीडरिख केनिग याचा जन्म १७७४ सालीं जर्मनींतील आइस्लेबेन या गांवीं झाला. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याचेंही जन्मगांव हेंच. लाइपझिग येथील ब्राइटकोफ यांच्या प्रख्यात छापखान्यांत केनिगनें उमेदवारी केली, आणि त्याच शहराच्या विद्यापीठांत कांहीं काळ व्याख्यानेंही ऐकलीं. म्हणजे खिळ्यांची धूळ आणि ग्रंथांची गोडी या दोहोंचाही परिचय त्याला तरुणपणींच झाला. दांडा ओढण्याचें काम केवढ्या कष्टाचें आहे हें त्यानें जवळून पाहिलें होतें. हें काम यंत्राकडून करवून घ्यावें, या एका ध्यासानें त्याला पुढें आयुष्यभर सोडलें नाहीं. बंदुकांच्या कारागिरीविषयीं प्रसिद्ध असलेल्या झूल या गांवीं त्यानें १८०३ च्या सुमारास आपलें पहिलें यंत्र उभें केलें. त्यांत शाई लावणें व पाटा सरकविणें हीं कामें चाकांच्या योगानें होत. पण तें यंत्र पुरें करण्यास लागणारा पैसा जर्मनींत मिळेना; शिवाय शोधकाच्या हक्काचें रक्षण करील असा कायदाही तेथील संस्थानांत नव्हता. केनिग रशियाच्या राजधानीस गेला. तेथेंही आश्वासनांपलीकडे कांहीं हातीं आलें नाहीं. अखेर १८०६ च्या नोव्हेंबरांत तो लंडनला येऊन पोंचला.

लंडनमध्यें त्याला थॉमस बेन्स्ली हा नामांकित मुद्रक भेटला. १८०७ च्या मार्चमध्यें दोघांत करार झाला, आणि पुढें रिचर्ड टेलर व जॉर्ज वुडफॉल हे आणखी दोन मुद्रक भागीदार झाले. याच शहरांत केनिगला आयुष्याचा सोबती मिळाला. आंद्रेआस बाउअर हा स्टुटगार्टचा, केनिगहून नऊ वर्षांनीं लहान, आणि यंत्रकामांत अत्यंत निष्णात असा तरुण होता. केनिगनें कल्पना मांडावी आणि बाउअरनें ती पोलादांत उतरवावी, अशी ही जोडी जमली. १८१० सालीं पहिलें पेटंट मिळालें. १८११ च्या एप्रिलमध्यें एका वार्षिक ग्रंथाचा एक फर्मा त्या यंत्रावर छापला गेला. त्याचे तीन हजार ताव निघाले. वाफेच्या बळानें छापलेला ग्रंथाचा हा पहिला भाग होय.

या पहिल्या यंत्रांत दाब देणारा भाग जुन्या रीतीप्रमाणें सपाटच होता. केनिगच्या ध्यानांत आलें कीं, सपाट तक्ता वरखालीं करण्यांत वेळ आणि बळ दोन्ही वायां जातें. त्यानें तो तक्ताच काढून टाकला आणि त्याच्या जागीं एक मोठा लोखंडी रूळ बसविला. ताव रुळाभोंवतीं गुंडाळला जातो, खिळ्यांचा फर्मा त्याच्या खालून पुढें सरकतो, आणि रूळ फिरतां फिरतां कागदावर अक्षरें उमटतात. शाई थापण्याचें कामही लहान लहान रुळांकडे गेलें. ते स्वतःच फिरून खिळ्यांवर शाईचा समान थर देत. माणसानें फक्त कोरा ताव यंत्राला द्यावयाचा आणि छापलेला ताव काढून घ्यावयाचा. १८१२ सालीं असें यंत्र तयार झालें, आणि त्यावर तासाला आठशें छाप निघूं लागले. ज्या ज्या यंत्रांनीं पुढें शतकभर जगाचीं वर्तमानपत्रें छापलीं, त्या सर्वांच्या मुळाशीं ही फिरत्या रुळाची कल्पना आहे.

हें यंत्र पाहावयास लंडनच्या वर्तमानपत्रांच्या मालकांना बोलावण्यांत आलें. 'टाइम्स'चा मालक जॉन वॉल्टर यानें त्याचें मोल तात्काळ ओळखलें व दुप्पट काम देणारीं, म्हणजे दोन रुळांचीं, दोन यंत्रें मागविलीं. तीं 'टाइम्स'च्या छापखान्यांत न उभारतां लगतच्या इमारतींत, अत्यंत गुप्तपणें उभारण्यांत आलीं. गुप्ततेचें कारण उघड होतें. दांडा ओढणाऱ्या कामगारांना या कामाची कुणकुण लागली होती, आणि शोधकास व त्याच्या यंत्रास नष्ट करूं अशा धमक्या ऐकूं येत होत्या. १८१४ च्या नोव्हेंबरच्या २८ तारखेस रात्रीं कामगारांना सांगण्यांत आलें कीं, परदेशांतून महत्त्वाची बातमी येत आहे, तरी थांबून राहावें. ते थांबून राहिले. भिंतीपलीकडे मात्र वाफेचें यंत्र चालूं होतें. पहांटे सहाच्या सुमारास वॉल्टर ओल्या शाईच्या प्रती हातीं घेऊन कामगारांपुढें आला आणि त्यानें सांगितलें कीं, आजचा अंक वाफेनें छापून झाला आहे. दंगा केल्यास त्याचा बंदोबस्त करण्याची तयारी आहे. पण शांत राहिल्यास प्रत्येकाला दुसरें काम मिळेपर्यंत पगार चालूं राहील, असेंही त्यानें बजावलें. दंगा झाला नाहीं. २९ नोव्हेंबर १८१४ चा तो अंक तासाला अकराशें प्रती या वेगानें निघाला होता. हाताच्या यंत्राच्या चौपटीहूनही हा वेग अधिक.

त्या पहांटेचें वर्णन यंत्राच्या विजयाचें म्हणून करण्यांत येतें, आणि तें खोटें नाहीं. परंतु त्या खोलींत उभे असलेले कामगारही विसरतां येण्यासारखे नाहींत. ज्या कामांत त्यांचें कौशल्य होतें, ज्याच्या जोरावर त्यांचे संसार चालत होते, तें काम एका रात्रींत, भिंतीपलीकडे, त्यांच्या नकळत संपलें होतें. वॉल्टरनें पगाराचें आश्वासन दिलें ही त्याची माणुसकी व धोरणही. पण इतर छापखान्यांत असें आश्वासन देणारा मालक मिळेलच असें नव्हतें. हा प्रश्न त्या दिवशीं सुटला नाहीं. तो केनिगच्या मागोमाग पुढें जर्मनींतही गेला.

यशाच्या शिखरावर असतांनाच केनिगच्या वाट्यास कडवट अनुभव आला. तावाच्या दोन्ही बाजू एकाच फेरींत छापणारें नवें यंत्र त्यानें १८१६ सालीं पुरें केलें, आणि दुसऱ्या वर्षीं शरीरशास्त्रावरील ब्लूमेनबाखचा ग्रंथ सबंध यंत्रावर छापून निघाला. पण यंत्र दूरदूरच्या छापखान्यांना विकून त्याचा प्रसार व्हावा असें केनिगला वाटे, तर प्रमुख भागीदार बेन्स्ली याला त्याचा लाभ आपल्याच छापखान्यापुरता राहावा असें वाटे. पेटंट भागीदारीच्या कैचींत सांपडलेलें. इतर भागीदार बाजूस झालेले. जवळजवळ अकरा वर्षांच्या श्रमानंतर ज्याच्या शोधाची वाखाणणी साऱ्या लंडननें केली, त्या शोधकास तेथें राहण्यांत अर्थ उरला नाहीं. 'टाइम्स'च्या यंत्रांत पुढें ॲपलगाथ व काउपर या इंग्रज यंत्रकारांनीं फेरफार केले, त्यांत केनिगचा कांहीं वाटा नव्हता. १८१७ च्या ऑगस्टच्या ९ तारखेस केनिग व बाउअर यांनीं आपसांत करार करून 'केनिग आणि बाउअर' ही पेढी स्थापन केली, आणि केनिग मायदेशीं परतला. हातचें काम पुरें करण्यासाठीं मागें राहिलेला बाउअर पुढल्या वर्षीं त्याला येऊन मिळाला.

नव्या कारखान्यासाठीं जी जागा मिळाली ती कोणाच्याही स्वप्नांत न येण्याजोगी होती. बव्हेरियांतील वुर्झबर्ग शहरानजीक, माइन नदीच्या कांठीं, ओबरझेल येथें एका जुन्या ख्रिस्ती पंथाचा मठ होता. १८०३ सालीं सरकारनें मठांच्या मिळकती ताब्यांत घेतल्या तेव्हां तेथील साधूंना बाहेर पडावें लागलें होतें. तो रिकामा मठ केनिगनें विकत घेतला. जेथें शतकानुशतकें प्रार्थना चालल्या त्या दालनांत आतां लेथ आणि ऐरणी मांडावयाच्या होत्या. जागा प्रशस्त, नदी जवळ. पण यंत्रकामास लागणारें दुसरें कांहींच तेथें नव्हतें. आसमंतांत द्राक्षांचे मळे पसरलेले. लोक मळ्यांत राबणारे, शेतकरी, किंवा युद्धावरून परतलेले शिपाई. लंडनमध्यें जे कारागीर रस्त्यारस्त्यावर मिळत ते येथें दूरदूरपर्यंत नव्हते. चांगलें ओतीव लोखंड मिळत नसे. जवळच्या भट्ट्यांतून आलेलें ओतकाम यंत्राच्या बारीक मापास उतरत नसे. शेवटीं ओतशाळाही स्वतःच उभारावी लागली.

येथें या दोघांच्या आयुष्यांतील खरी कसोटी सुरू झाली. ज्या हातांना द्राक्षवेलींच्या छाटणीची संवय, त्यांना लोखंड कापावयास, घांसावयास आणि मापावयास शिकवावयाचें होतें. चाकाचा एक दांता किंचित् चुकला तर सबंध यंत्र अडे. लेथवर उभें राहून शिकवणारा बाउअर, आणि गिऱ्हाइकें व पैसा यांच्या शोधांत फिरणारा केनिग, अशी कामाची वांटणी झाली. लंडनमध्यें यंत्र करावयास जीं वर्षें लागलीं तीं शोधाचीं होतीं; ओबरझेलला पहिलीं यंत्रें बाहेर पडावयास जीं पांच-सहा वर्षें लागलीं तीं शिक्षणाचीं होतीं. शोध तर पूर्वींच लागलेला होता.

हा धीर फळास आला. बर्लिनमधील डेकर आणि स्पेनर या मुद्रकांनीं मागविलेलीं यंत्रें १८२२-२३ च्या सुमारास तेथें बसविण्यांत आलीं, आणि १८२३ सालीं स्पेनरचें वर्तमानपत्र वाफेच्या यंत्रावर छापून निघालें. युरोपखंडांत असें प्रथमच घडत होतें. त्यानंतर आउग्सबर्ग येथें कोट्टा या प्रकाशकाच्या वर्तमानपत्रासाठीं, लाइपझिग येथें ब्रोकहाउस या ग्रंथप्रकाशकासाठीं, आणि जर्मनीबाहेरही ओबरझेलचीं यंत्रें जाऊं लागलीं. १८२५ सालीं केनिगनें झूल येथील फॅनी याकोब्स हिच्याशीं विवाह केला. पन्नाशी ओलांडलेल्या या माणसाला आतां कोठें स्थैर्य लाभत होतें.

पण १८३० चा जुलै उजाडला. पॅरिसमध्यें राज्यक्रांति झाली, आणि त्या धामधुमींत हातयंत्रांवरील कामगारांनीं छापयंत्रें फोडलीं. ज्या भीतीनें लंडनमध्यें यंत्र भिंतीआड उभारावें लागलें, तीच आतां उघडपणें हातोडे घेऊन पुढें आली. जर्मन शहरांतही कामगारांनीं यंत्रांविरुद्ध आवाज उठविला. मुद्रक भ्याले; मागण्या थांबल्या. यंत्र विकत घेणें म्हणजे आपल्या छापखान्यावर संकट ओढवून घेणें, असें त्यांना वाटूं लागलें. ओबरझेलच्या दालनांत तयार यंत्रें पडून राहिलीं, आणि जीं माणसें एवढ्या सायासानें शिकविलीं त्यांपैकीं कित्येकांना काम देतां येईना. दोघांनीं म्यून्स्टरश्वार्झाख येथें दुसऱ्या एका जुन्या मठाच्या जागेंत कागदाची गिरणी काढली होती. तिच्यावरही भार पडला. हे दिवस पालटण्यापूर्वींच, १८३३ च्या जानेवारीच्या १७ तारखेस, केनिगचा अंत झाला. त्याचें वय तेव्हां ५८ होतें. आपलें यंत्र जगभर पसरेल यावर त्याचा विश्वास होता. पण तें पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें.

कारखाना येथेंच बुडावयाचा. तो बुडाला नाहीं याचें श्रेय बाउअरला आणि केनिगच्या तरुण विधवेला आहे. फॅनी केनिगच्या पदरीं लहान मुलें. पण तिनें पतीचा वाटा विकून मोकळें होण्याचा विचार केला नाहीं. बाउअरनें यंत्रकाम सांभाळलें, तिनें घर आणि पेढीचें हित सांभाळलें, आणि पुढें तिचे पुत्र विल्हेल्म व फ्रीडरिख कारभार पाहूं लागले. वादळ ओसरलें. वाचकांची संख्या वाढत गेली तसें छापखान्यांत कामही वाढलें. जुन्या दांड्याजवळ दोन माणसें असत, तेथें यंत्राभोंवतीं, जुळाऱ्यांच्या खोलींत आणि बांधणीच्या टेबलांशीं कितीतरी अधिक माणसें लागूं लागलीं. मात्र ज्यांचें काम गेलें आणि ज्यांना नवें मिळालें तीं माणसें निरनिराळीं होतीं, हें विसरून चालणार नाहीं.

ओबरझेलच्या मालकांनीं तें सर्वस्वी विसरलें नव्हतें असें त्यांच्या पुढील कृतींवरून दिसतें. १८५५ सालीं कारखान्यांत आजारी कामगारांसाठीं निधि सुरू झाला. १८६५ सालीं कामगारांची बचतपेढी निघाली. आणि १८६८ सालीं उमेदवारांसाठीं कारखान्याचीच शाळा उघडण्यांत आली. जर्मन साम्राज्यांत कामगारांच्या विम्याचे कायदे झाले ते १८८० नंतरच्या दशकांत, हें लक्षांत घेतलें म्हणजे या गोष्टींचें महत्त्व कळतें. आरंभीं जें शिक्षण नाइलाजानें द्यावें लागलें, तेंच आतां कारखान्याची परंपरा बनलें. बाउअरनें शाळा उघडलेली पाहिली नाहीं. तो १८६० सालीं वारला. पण तिचा पहिला शिक्षक तोच म्हटला पाहिजे.

या शिक्षणाचें एक फळ मालकांना अनपेक्षित असें होतें. येथें तयार झालेलीं माणसें बाहेर पडून स्वतःचे कारखाने काढूं लागलीं. बाउअरचा आप्त कार्ल आउगुस्ट राइखेनबाख यानें आउग्सबर्ग येथें कार्ल बूझ याच्यासह जो यंत्रांचा कारखाना चालविला, त्यांतून पुढें 'एम. ए. एन.' ही प्रचंड कंपनी निर्माण झाली. ओबरझेलचाच शिष्य आंद्रेआस आल्बर्ट यानें १८६१ सालीं फ्रांकेनथाल येथें आंद्रेआस हाम याच्याबरोबर छापयंत्रें करावयास सुरुवात केली. दोघे कालांतरानें विभक्त झाले, आणि हामचा कारखाना पुढच्या पिढींत विकला जाऊन १८९६ सालीं हायडेलबर्गला गेला. तोच आज 'हायडेलबर्ग' या नांवानें जगांतील मुद्रकांना ठाऊक आहे. म्हणजे जर्मनीच्या छापयंत्रांचे तिन्ही मोठे वंश, सरळ वा आडवळणानें, द्राक्षमळ्यांतल्या त्या एका मठापर्यंत जाऊन पोंचतात. प्रतिस्पर्धी आपणच घडविले, असें म्हणण्याची पाळी ओबरझेलवर आली. पण एखाद्या गुरुगृहाला याहून मोठें प्रमाणपत्र तें कोणतें?

पुढील इतिहास वेगानें धांवतो. १८७६ सालीं कारखान्यानें मागडेबर्गच्या वर्तमानपत्रासाठीं आपलें पहिलें अखंड कागदाचें यंत्र केलें. सुट्या तावांऐवजीं कागदाची सबंध गुंडाळीच त्यांतून उलगडत जाई. मठाची जागा अपुरी पडूं लागल्यावर १९०१ सालीं कारखाना नदीपलीकडे नव्या इमारतींत गेला, आणि मठ पुन्हां धर्मकार्याकडे, जोगिणींच्या एका संघाकडे, आला. १६ मार्च १९४५ रोजीं ब्रिटिश विमानांनीं वुर्झबर्ग शहर जाळून टाकलें. युद्धाच्या त्या अखेरच्या संहारांत कारखान्याचाही मोठा भाग नष्ट झाला. राखेंतून तो उभा राहिला तोही जुन्याच भांडवलावर, म्हणजे काम जाणणाऱ्या माणसांवर. १९५० नंतरच्या दशकांत गुआल्तिएरो जोरी या इटालियन तज्ज्ञाच्या सहकार्यानें चलनी नोटा छापणारीं यंत्रें येथें घडूं लागलीं, आणि अनेक राष्ट्रांचा पैसा या यंत्रांतून छापला गेला. १९८५ सालीं कारखान्याचे भाग बाजारांत आले. १९९० नंतर ड्रेस्डेनजवळच्या राडेबॉइल येथील छापयंत्रांचा कारखानाही त्याला येऊन मिळाला. २०१७ सालीं कारखान्यास दोनशें वर्षें पुरीं झालीं.

त्या द्विशताब्दीच्या सुमारास काळानें एक विलक्षण वळण घेतलें होतें. वर्तमानपत्र कागदावर वाचणारा वाचक कमी होत होता, त्यामुळें ज्या यंत्रांनीं या कारखान्याचें नांव झालें त्यांचीच मागणी ओसरली होती. हात कमी करण्याची पाळी आतां दांडा ओढणाऱ्यांवर नव्हे, तर यंत्रें घडविणाऱ्यांवरच आली. कारखाना मग खोकीं, वेष्टनें, डबे आणि नोटा छापणाऱ्या यंत्रांकडे अधिक वळला. १८१४ च्या पहांटे लंडनच्या कामगारांपुढें जो प्रश्न उभा राहिला, तोच दोनशें वर्षांनीं यंत्र करणाऱ्याच्या दारांत आला.

या प्रश्नाला केनिगच्या यंत्रांत उत्तर नव्हतें. यंत्रापाशीं तसें उत्तर कधींच नसतें. जें थोडेंबहुत उत्तर ओबरझेलनें दिलें तें दुसरीकडे आहे: मळ्यांतल्या मजुराला लेथजवळ उभें करून महिनोन्‌महिने शिकविणाऱ्या बाउअरच्या धीरांत, संकटांत वाटा विकून न जाणाऱ्या फॅनीच्या निर्धारांत, आणि उमेदवारांसाठीं उघडलेल्या त्या शाळेंत. लंडनमध्यें यंत्र भिंतीआड, माणसांपासून लपवून उभें राहिलें, आणि तें उभारणाऱ्याला तेथून निघून यावें लागलें. ओबरझेलमध्यें तेंच यंत्र माणसांना शिकवून, त्यांच्या हातांनीं उभें राहिलें, आणि दोनशें वर्षें टिकलें.